बँक सरकारी, अभियंता ठेकेदाराचा. मग आरक्षण कोणी द्यायचे?

19 जुलै 1969 रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, 1980 मध्ये आणखी सहा बँका सरकारकडे आल्या. त्यानंतर घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या वस्त्यांतली आपली मुले बँकेत कारकून, रोखपाल, अधिकारी म्हणून लागली. हे दार संविधानाच्या कलम 16(4) ने उघडले, कोणा शेठजीच्या मेहेरबानीने नव्हे.

आज त्याच घरांतली पुढची पिढी संगणक अभियंता झाली आहे. ही मुले बँकेच्याच इमारतीत बसतात, बँकेचेच सर्व्हर सांभाळतात आणि रात्री दोन वाजता व्यवहार अडकले की फोनही त्यांनाच जातो. पण पगाराच्या स्लिपवर नाव असते दुसऱ्याच कंपनीचे. बँक मोठ्या कंपनीला कंत्राट देते, ती कंपनी माणसे पुरवणाऱ्या छोट्या कंपनीकडून माणूस घेते आणि कंत्राट संपले की अभियंताही संपतो! आमच्याकडे कायदेशीर सल्ल्यासाठी येणाऱ्या तरुणांना आम्ही पहिला प्रश्न विचारतो, 'तुमचा मालक कोण?' बहुतेकांना त्याचे सरळ उत्तर देता येत नाही.

हे एका दिवसात घडलेले नाही. सिटी बँकेने 1985 मध्येच अंधेरीच्या सीप्झमध्ये स्वतंत्र सॉफ्टवेअर कंपनी काढली. त्याच घराण्यातून पुढे आय-फ्लेक्स ही कंपनी उभी राहिली आणि 2005 मध्ये ओरॅकलने तिच्यातला सिटीचा हिस्सा विकत घेतला. ती विदेशी बँक होती, तिला आरक्षणाशी देणेघेणे नव्हते. पण सरकारी बँकांमध्ये कोअर बँकिंग आले तेव्हा त्यांनीही हाच रस्ता धरला. स्टेट बँकेची प्रणाली टीसीएसची, तर अनेक सरकारी बँकांची इन्फोसिसची फिनॅकल. पूर्वी खातेवही कारकून लिहीत होता आणि त्या कारकुनाच्या भरतीला बिंदुनामावली होती. आता ती खातेवही संगणकात गेली. संगणकामागच्या माणसाला मात्र बिंदुनामावली नाही.

सरकारी बँका आयटी अधिकाऱ्यांची भरती करतात आणि तिथे अनुसूचित जातींना 15, जमातींना साडेसात, ओबीसींना 27 टक्के जागा आहेत, हे आम्ही नाकारत नाही. पंचेचाळीस दिवस किंवा त्याहून अधिक काळाच्या तात्पुरत्या नेमणुकीतही आरक्षण द्यावे, असे केंद्र सरकारचे आदेश आहेत. म्हणूनच तर ठेकेदार लागतो. त्याने पाठवलेला माणूस पाच वर्षे बँकेत बसला तरी कागदोपत्री ती बँकेची नेमणूक ठरत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रातील 45 पदांच्या थेट भरतीची जाहिरात आरक्षण नसल्याच्या ओरडीमुळे तीन दिवसांत मागे घ्यावी लागली. तिथे निदान जाहिरात तरी होती. ठेकेदाराच्या भरतीची जाहिरात कोणी पाहिली आहे काय?

गंमत अशी की रिझर्व्ह बँकेने 10 एप्रिल 2023 च्या निर्देशात बँकांना ठणकावले आहे की, आयटीचे काम बाहेर दिले म्हणून बँकेची जबाबदारी कमी होत नाही. पोटठेकेदारापर्यंत तपासणीचा अधिकार बँकेने राखलाच पाहिजे. म्हणजे ग्राहकाच्या माहितीसाठी ठेकेदाराचा पडदा फाडता येतो, सामाजिक न्यायाचा विषय निघाला की तोच पडदा पोलादी होतो.

खाजगीत गुणवत्तेला वाव असतो, असे आम्हाला ऐकवले जाते. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज केवळ आडनावे बदलून खाजगी कंपन्यांना पाठवले होते. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा की, दलित आडनावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या अर्जाच्या साधारण दोन तृतीयांशच होती. यात गुणवत्ता कुठे आली?

आता महाराष्ट्राच्या कायद्याकडे वळू. 29 जानेवारी 2004 पासून लागू झालेल्या राज्याच्या आरक्षण कायद्यात 'शासन अनुदानित संस्था' या शब्दांची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवली आहे. सवलतीच्या दराने सरकारी जमीन किंवा अन्य आर्थिक सवलती घेतलेले उद्योगही तिच्यात येतात. राज्याच्या 2003 च्या आयटी धोरणाने आयटी पार्कना जादा एफएसआय आणि मुद्रांक शुल्कात सूट दिली. मग अशा सवलती घेणाऱ्या कंपन्यांना हा कायदा का लावला जात नाही? त्या न्यायालयात जातील, कलम 16(4) फक्त राज्याच्या सेवांपुरते आहे असा युक्तिवाद करतील. जरूर करावा, लढाईला उभे राहायला आम्हीही तयार आहोत. पण वीस वर्षांहून अधिक काळ कायदा पुस्तकात ठेवून सरकार स्वतःच गप्प बसले आहे, त्याचे काय?

सरकारी बँकांना माहिती अधिकार कायदा, 2005 लागू आहे. बँक ऑफ बडोदाचे कॉर्पोरेट कार्यालय आणि बँक ऑफ इंडियाचे मुख्य कार्यालय तर वांद्रे-कुर्ला संकुलात, आपल्या उपनगरातच आहे. आयटी विभागात कायम अभियंते किती, कंत्राटी किती, कंत्राटावर वर्षाला खर्च किती आणि निविदेत सामाजिक प्रतिनिधित्वाची अट आहे का, एवढे चार प्रश्न एका अर्जात मावतात. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे आणि तीस दिवसांत उत्तर देणे बँकेवर बंधनकारक आहे.