‘पाठवला’ म्हणजे पोहोचला नव्हे

जावातल्या वेब अ‍ॅपमध्ये सर्व्हरकडचे निरोप ब्राउझरवर येईनासे झाले की सगळे आधी कोड उघडतात. माझ्या मते शोध वाटेपासून सुरू व्हायला हवा. असे निरोप वाहून नेणाऱ्या वेबसॉकेटचे मानक डिसेंबर २०११ मध्ये आले, २०१३ च्या जावा ईई ७ ने त्याला अधिकृत जागा दिली. पण सर्व्हर आणि ब्राउझर यांच्यामध्ये बहुधा एक प्रॉक्सी उभा असतो. एन्जिनएक्स हा त्यातला सर्वपरिचित. सर्व्हरकडून ६० सेकंद काहीच आले नाही, तर तो मूळ सेटिंगनुसार जोडणी बंद करतो. चाचणीत निरोपांची वर्दळ असते, म्हणून सारे सुरळीत दिसते. गळती होते ती रात्रीच्या शांततेत.

टीसीपी पोच देतोच, मग शंका कशाला, असे कोणी म्हणेल. पण ती पोच प्रॉक्सीपर्यंतचीच. वापरकर्त्याच्या पडद्याबद्दल ती काहीच सांगत नाही. त्यामुळे लॉगमधल्या ‘पाठवला’ या नोंदीवर विसंबणे मला धोक्याचे वाटते. सर्व्हरने दर ३० सेकंदांनी पिंग पाठवावा, प्रत्येक निरोपाला क्रमांक द्यावा आणि जोडणी पुन्हा जुळताच ब्राउझरने शेवटचा मिळालेला क्रमांक कळवावा. काम वाढते, हे खरे. पण रुग्णालयातला इशारा याच वाटेने जात असेल, तर ते टाळण्याची मुभा कुणालाच नाही.