उंबरठ्यावरचा प्रश्न

गेल्या वैशाखात मालवणला जाण्याचा योग आला. तारकर्लीहून देवबागकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका लॉजमध्ये खोलीची किल्ली घेत असताना एक तरुण जोडपे आत आले. मुलीच्या हातात हिरवा चुडा होता, मेंदीचा रंग अजून पुरता उतरलेला नव्हता. लग्नाला फार तर आठ-दहा दिवस झाले असतील. व्यवस्थापकाने दोघांची आधार कार्डे मागितली. मुलीच्या कार्डावर अर्थातच माहेरचे नाव आणि माहेरचा पत्ता होता. ‘नाते काय?’ असा प्रश्न आला. ‘पती-पत्नी’ असे उत्तर मिळाले. ‘मग प्रमाणपत्र दाखवा.’ प्रमाणपत्र कोठून असणार? विवाहनोंदणीचा अर्जही अजून दिलेला नव्हता. समोरच्या बाकावर चार-पाच माणसे वर्तमानपत्र वाचण्याचे निमित्त करून बसली होती. त्यांच्या देखत त्या मुलाने मोबाईल काढला आणि अंतरपाटाची, सप्तपदीची छायाचित्रे एकेक करून दाखवली. व्यवस्थापकाने ती सावकाश पाहिली, मान डोलावली आणि किल्ली पुढे सरकवली. मुलगी तोवर भिंतीवरील सिंधुदुर्ग किल्ल्याच्या चित्राकडे पाहत उभी होती.

खोली मिळाली. परंतु अग्नीच्या साक्षीने झालेल्या विवाहाचा पुरावा एका अनोळखी माणसापुढे द्यावा लागला, ही टोचणी त्या दोघांच्या मनातून लवकर जाणार नाही. व्यवस्थापक दुष्ट होता असे मुळीच नाही. त्याचाही चेहरा अवघडलेला होता. मालकाने सांगितलेले तो करीत होता, आणि पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून मालकाने ते सांगितले होते. कोणाच्याही मनात वाईट हेतू नसताना एक वाईट प्रसंग घडला, म्हणूनच तो विचार करण्याजोगा आहे.

सिंधुदुर्ग हा तसा नवा जिल्हा. १ मे १९८१ रोजी तो रत्नागिरीतून वेगळा झाला आणि १९९७ मध्ये त्याला पर्यटन जिल्ह्याचा दर्जा मिळाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. मात्र येथील पर्यटनाचे वैशिष्ट्य मोठ्या हॉटेलांत नाही. पर्यटन महामंडळाच्या न्याहारी-निवास योजनेमुळे येथे राहत्या घरांतील खोल्याच पाहुण्यांसाठी उघडल्या गेल्या. समुद्र आणि कर्ली नदी यांच्या मधल्या देवबागच्या चिंचोळ्या पट्टीत आज असे दृश्य सर्रास दिसते की, पुढच्या अंगणात तुळशीवृंदावन, बाजूला जाळी वाळत घातलेली, मागच्या खोल्यांत पाहुणे आणि स्वयंपाकघरात घरच्याच बाईच्या हातची सोलकढी. मासेमारीचे उत्पन्न बेभरवशाचे झाले असताना अनेक कुटुंबांना या खोल्यांनी आधार दिला. राज्य शासनाच्या २०२३ च्या ‘आई’ या महिलाकेंद्रित पर्यटन धोरणात, पर्यटन व्यवसाय करणाऱ्या महिलांना १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाच्या परताव्याची तरतूद झाली. तिचा लाभ घेण्यासारख्या कितीतरी कर्तबगार गृहिणी या किनाऱ्यावर आहेत.

जेथे घर हेच निवासस्थान आहे, तेथे यजमानाचा संकोच समजून घेतला पाहिजे. ज्या ओसरीवर त्याची शाळकरी मुलगी अभ्यासाला बसते, त्याच ओसरीवरून पाहुणे येतात-जातात. शेजारी काय म्हणतील, वाडीत काय बोलले जाईल, याची त्याला काळजी असते. शहरातील काही मंडळी या संकोचाला मागासलेपणा म्हणून हिणवतात. ते आम्हांस मान्य नाही. आपल्या घराला एक वळण असावे असे वाटणे हा कोणत्याही गृहस्थाचा अधिकार आहे. गोव्याच्या किनाऱ्याचे काय झाले हे शेजारच्या सिंधुदुर्गाने जवळून पाहिले आहे. ‘येवा, कोकण आपलाच आसा’ असे म्हणताना आपले आपलेपण शाबूत राहावे, ही येथील माणसाची इच्छा रास्तच म्हटली पाहिजे.

प्रश्न वळण असावे की नसावे हा नाही. ते कसे आणि कोठे सांगावे, हा आहे. त्याच मुक्कामात देवबागच्या एका घरी जेवण्याचा प्रसंग आला. तीन खोल्या भाड्याने देणाऱ्या त्या गृहिणीला आम्ही आदल्या दिवशीची हकीकत सांगितली. ती म्हणाली, आमच्याकडे कुटुंबेच उतरतात, पण ते आम्ही फोनवरच सांगतो. ज्याला पटते तो येतो. एकदा माणूस बॅगा घेऊन दारात आला की मग त्याला परत पाठवणे बरे दिसत नाही, आणि बाईमाणसाला दारात उभे करून चौकशी करणे तर त्याहून बरे दिसत नाही. ओळखपत्र दोघांचेही घेते, वहीत लिहिते आणि आधी पाणी देते. या साध्या बोलण्यात या सगळ्या विषयाचे सार आले आहे, असे आम्हांस वाटते.

ओळख आणि नाते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे नोंदवहीच्या रकान्यात त्यांची गल्लत झाली आहे. उतारूंची माहिती सरकारने मागवण्याची प्रथा जुनी आहे. इंग्रजांनी १८६७ मध्ये सराईंसाठी कायदा केला, तेव्हाच दंडाधिकाऱ्याला तसा अधिकार दिला होता. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर ओळखपत्राची तपासणी अधिक काटेकोर झाली आणि ती तशी व्हायलाच हवी. ज्या किनाऱ्यावरून शत्रू आला, त्याच किनाऱ्याचा मालवण हा भाग आहे. परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांत कळवण्याचे बंधनही योग्यच आहे. परंतु या सर्वांचा संबंध ‘कोण आले’ याच्याशी आहे. आलेल्या दोघांचे परस्परांशी नाते काय, याचा पुरावा मागण्याचे बंधन कोणत्याही कायद्याने हॉटेलचालकावर घातलेले नाही.

विवाहाच्या प्रमाणपत्राचा आग्रह तर आपल्याच परंपरेशी विसंगत आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने सप्तपदीला मान्यता दिली आहे. नोंदणी झाली नाही म्हणून विवाह अवैध ठरत नाही, हेही त्याच कायद्यात स्पष्ट आहे. आमच्या पिढीतील असंख्य जोडप्यांकडे असा कागद नाही. मुलाबाळांची लग्ने उरकून प्रथमच दोघे मिळून समुद्र पाहायला निघालेल्या साठीच्या दांपत्याला कोणी प्रमाणपत्र मागितले, तर त्यांनी काय दाखवावे? अनेक विवाहिता माहेरचे नाव कायम ठेवतात, कित्येकजणी प्रवासात मंगळसूत्र घालत नाहीत. भाऊ-बहीण, वडील-मुलगी, सासरे-सून असेही प्रवास होतात. त्यांच्याकडे रोखलेली संशयाची नजर ही त्या नात्याचाच अवमान होय.

मराठी माणसाला तर एकांताच्या टंचाईची पुरेपूर ओळख आहे. मुंबईच्या बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीत आईवडील, भावंडे आणि नवे जोडपे यांनी संसार केले. राजा ठाकूर यांच्या १९७० च्या ‘मुंबईचा जावई’ या चित्रपटाने चाळीतील नवविवाहितांची हीच कुचंबणा हसत-हसत मांडली. तो पाहून आपण हसलो, कारण ते दुःख घरोघरचे होते. आजही शहरातील लहान घरांतून निघून दोन दिवस कोकणात जाणारे जोडपे चैनीसाठीच जाते असे नाही. पुष्कळदा मोकळेपणाने बोलण्यासाठीसुद्धा जाते. जिल्ह्यातीलच पत्ता दिसला की ‘स्थानिकांना खोली नाही’ म्हणून त्यांना परत पाठवण्याची काही ठिकाणची रीत यामुळे अधिकच खटकते. कुडाळ-कणकवलीच्या भरल्या घरातील नवराबायकोने एकांत मागितला, तर त्यात संशय घेण्यासारखे काय आहे?

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी, अशी आपल्याकडे व्युत्पत्ती सांगतात. पराशरस्मृतीने तर आलेल्या अतिथीचे गोत्र, शाखा आणि अध्ययन विचारू नये, असे गृहस्थाला बजावले आहे. चौकशीने पाहुणा ओशाळतो आणि देणाऱ्याच्या मनात भेद उत्पन्न होतो, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. आज काळ बदलला, सुरक्षेसाठी ओळख विचारावीच लागते. परंतु त्या आज्ञेतील सौजन्य कालबाह्य झालेले नाही.

आता अविवाहित जोडप्यांचा प्रश्न. तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. विवाह हा संस्कार आहे, कुटुंब हा समाजाचा पाया आहे, ही आमची भूमिका आम्ही वेळोवेळी मांडली आहे आणि तीत बदल नाही. परंतु हा संस्कार घरात, आईवडिलांच्या वागण्यातून आणि संवादातून होत असतो. जो घरी झाला नाही तो लॉजच्या खिडकीपाशी होईल, ही समजूत भाबडी आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईच्या मढ-अक्सा भागातील हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले आणि सुमारे ४० जणांना ताब्यात घेतले. बंद खोलीतील सज्ञान व्यक्तींवर ‘सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन’ हे कलम लावण्यात आले. टीकेची झोड उठली आणि तत्कालीन पोलीस आयुक्त राकेश मारिया यांना चौकशीचा आदेश द्यावा लागला. या छाप्यांनी एकाही घरात संस्कार वाढला नाही, घराघरांत भीती मात्र वाढली. डिसेंबर २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कोइमतूरच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की, सज्ञान अविवाहित स्त्री-पुरुषांनी हॉटेलात एका खोलीत राहण्यास मनाई करणारा कायदा नाही. दुसरीकडे जानेवारी २०२५ मध्ये ओयो कंपनीने मेरठपासून आरंभ करून, अविवाहित जोडप्यांना खोली नाकारण्याची मुभा आपल्या भागीदार हॉटेलांना दिली. म्हणजे राहणे हा गुन्हा नाही आणि आपल्या निवासाचे नियम ठरवण्यास यजमानालाही वाव आहे. तो नियम आधी सांगितला की दोघांचाही मान राहतो.

येथे आपल्याच कार्यकर्त्यांशी दोन शब्द बोलणे आवश्यक वाटते. संस्कृतिरक्षणाच्या उत्साहात काही तरुण लॉजच्या नोंदवह्या तपासण्याची, जोडप्यांना अडवून नावे विचारण्याची भाषा करतात. त्यांच्या तळमळीविषयी शंका नाही, परंतु ही रीत आपली नव्हे. तो अधिकार कोणत्याही कायद्याने त्यांना दिलेला नाही. शिवाय ज्या भीतीचा ते आधार घेतात, तिचाच फायदा खंडणीखोर घेतो. घरी कळवण्याची धमकी देऊन पैसे उकळणारा, छायाचित्र काढून मुलीला छळणारा, तिच्या लज्जेवरच जगत असतो. ज्या समाजात मुलगी निर्भयपणे तक्रार करू शकते, तेथे त्याचा धंदा बसतो. शिवछत्रपतींच्या किल्ल्याच्या सावलीत हे विशेषत्वाने आठवावे. स्त्रीच्या सन्मानाविषयी महाराज किती कठोर होते, याची नोंद शत्रुपक्षातील खाफीखानालाही करावी लागली. त्या वारशाचे नाव घेऊन कोणा मुलीला चारचौघांत मान खाली घालायला लावणे, हा त्या वारशाशी द्रोह आहे.

कठोर व्हायचे ते कोठे, हेही स्पष्ट असावे. सोबतची मुलगी अठरा वर्षांखालील वाटली, तर वय तपासलेच पाहिजे. २०१२ चा बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा तेथे कसलीही सबब चालू देत नाही. कोणी बळजबरीने आणल्यासारखी दिसली, भेदरलेली दिसली, तर ११२ किंवा बालकांसाठीच्या १०९८ या क्रमांकावर कळवणे हे कर्तव्य आहे. देहव्यापारासाठी खोल्या देणाऱ्याला १९५६ चा कायदा आहे. खोलीत छुपा कॅमेरा ठेवणाऱ्याला तर क्षमाच नको. यजमानाची दक्षता येथे खर्ची पडावी, हिरव्या चुड्याची उलटतपासणी घेण्यात नव्हे.

पाळायच्या गोष्टी साध्या आहेत. घराचा जो नियम असेल तो फलकावर लिहावा आणि खोली राखून ठेवतानाच सांगावा. तो सर्वांना सारखा असावा, कपडे किंवा गाडी पाहून बदलू नये. ओळखपत्र दोघांचेही घ्यावे, प्रश्न हळू आवाजात आणि बाजूला घेऊन विचारावेत. आधारच्या छायाप्रती उघड्या खणात पडलेल्या अनेक ठिकाणी दिसतात. कोणाही स्त्रीचे नाव-पत्ता असा उघड्यावर टाकणे धोक्याचे आहे. शेवटचे चारच आकडे दिसणाऱ्या आधारची सोय आधार प्राधिकरणाने केलेली आहे, ती चालवून घ्यावी. पर्यटकांचीही बाजू आहेच. आपण बाजारातल्या खोलीत नव्हे, कोणाच्या तरी घरात उतरलो आहोत, याचे भान ठेवावे. अंगणात तुळस आहे, घरात म्हातारी माणसे आहेत, हे पाहून वागणे, मद्याच्या बाटल्या किनाऱ्यावर न टाकणे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. यजमानाने नियम आधीच सांगितला असेल, तर खोटे नाते सांगून त्याला फसवू नये.

आपल्याकडे घरात शिरताना दाराशी खाकरण्याची पद्धत होती. आत कोणी असेल तर त्याला सावरायला वेळ मिळावा, एवढाच तिचा हेतू. मर्यादा ही अशी दोन्ही बाजूंनी सांभाळायची असते. मालवणच्या किनाऱ्यावरील यजमानांना ती नव्याने शिकवण्याची गरज नाही. देवबागच्या त्या गृहिणीकडे ती आहेच. तिची रीत इतर लॉजचालकांनी उचलावी, पोलिसांनी त्यांच्यावरील अनाठायी दडपण दूर करावे आणि आपल्या कार्यकर्त्यांनी गावोगावच्या यजमानांशी या विषयावर मोकळेपणाने बोलावे. पुढच्या लग्नसराईत माहेरचेच नाव असलेले कार्ड घेऊन एखादी नववधू त्या रस्त्यावर येईल, तेव्हा तिच्या पुढ्यात आधी पाण्याचा पेला यावा, नोंदवही मागाहून.