बेस गिटारचा टोन आणि घरातला वाद



बोपोडी-दापोडीपासून ताडीवाला रोड, येरवड्यापर्यंत आपल्या वस्त्यांनी गायन पार्ट्या जपल्या आहेत. पूर्वी पेटी, ढोलकी, डिमडी आणि झांज एवढ्यावर रात्र निभायची. मग बेंजो आला, की-बोर्ड आला, ऑक्टोपॅड आला आणि कुठे कुठे बेस गिटारही आली. ती वाजवणारा मुलगा ज्या घरात आहे, त्या घरातला वाद ठरलेला. घेतलेली गिटार धडधाकट असते, तरी चिरंजीव म्हणतात, "आई, हिचा टोन बरोबर नाही, दुसरी घ्यायची." वडील म्हणतात, "आधी बोटं सुधार." दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, म्हणून आज हा विषय घेतला.

बेस गिटारला जाड चार तारा असतात. साध्या गिटारच्या चार जाड तारांहून त्या एक सप्तक खाली लावतात. ऐकणाऱ्याला हे वाद्य वेगळे जाणवत नाही. ते थांबले की मात्र गाणे पोकळ वाटते. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी 1951 साली आपली बेस गिटार बाजारात आणली, तेव्हापासून तिचा जम बसला. त्याआधीचा डबल बास माणसाएवढा उंच. न्यायला अवघड, आणि मोठ्या बँडमध्ये ऐकूही येत नसे.

नव्या वादकाला हे 'न जाणवणे'च सोसत नाही. तो ट्रेबल वाढवतो. त्याला तारा कोऱ्या करकरीत लागतात. वयाचा भाग आहेच, पण स्टेजचाही आहे. मैदानात पत्र्याचे कर्णे असत तेव्हा त्यांतून खर्ज बाहेर पडतच नसे, ट्रेबल वाढवल्याशिवाय गत्यंतर नव्हते. मोठे खोक्याचे स्पीकर आले आणि तीच सवय कानाला टोचू लागली. अंगठ्याने तारा थापटण्याची तऱ्हा तर लॅरी ग्रॅहम या अमेरिकन वादकाने काढली ती अडचणीतून. तो आईच्या पियानोबरोबर वाजवत असे आणि सोबत ड्रम वाजवणारा नव्हता, म्हणून अंगठ्याने ठेका भरून काढला. आपल्याकडे ढोलकी बसलेलीच असते! तिच्या धुमेवर अंगठ्याची थाप पडली की दोन्ही वाद्यांचा चिखल होतो. हे ज्याच्या कानाला कळले, त्याचा टोन आपोआप खाली उतरतो.

इथे जेम्स जेमर्सन या कृष्णवर्णीय कलावंताची हकिकत सांगण्यासारखी आहे. जन्म 1936 चा, अमेरिकेच्या दक्षिणेतला. पुढे मोटारींच्या कारखान्यांचे शहर डेट्रॉइट इथे तो आला, शाळेत डबल बास शिकला आणि मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत वाजवू लागला. त्याच्या हाती 1962 सालची फेंडर होती. तिला चपट्या फितीने गुंडाळलेल्या गुळगुळीत तारा. त्यांचा आवाज गोल आणि मऊ. तुटल्याशिवाय त्या तो बदलत नसे, आणि एकाच तर्जनीने वाजवी. जगभर गाजलेल्या कित्येक गाण्यांखाली त्याचाच खर्ज आहे. पण वेष्टनावर त्याचे नाव ठळकपणे आले ते 1971 साली, मार्विन गे यांच्या रेकॉर्डवर. (आपल्या कॅसेटींवरही गायक आणि कवी यांची नावे असत, ढोलकीवाल्याचे शोधावे लागे.) पुढे कंपनी लॉस एंजेलिसला गेली, त्याच्यामागे तोही गेला. तिथे नव्या चालीच्या निर्मात्यांना लखलखीत तारा आणि अंगठ्याची थाप हवी होती. जेमर्सनने आपला टोन सोडला नाही. काम कमी होत गेले, आणि 1983 साली अवघ्या 47 व्या वर्षी तो गेला. आज त्याच टोनचा अभ्यास नवे वादक करतात. पण म्हणून 'आपलेच धरून बसा' असा सल्ला मी कुणाच्या मुलाला देणार नाही. ज्याचे घर वाजवण्यावर चालते, त्याला दोन्ही टोन यायला हवेत.

आता पाच तारांच्या गिटारबद्दल. तिला वडील चैन म्हणतात. ती नेहमी चैन नसते. चार तारांच्या गिटारचा सर्वांत खालचा स्वर म्हणजे पांढरी तीन. गायक काळी एक किंवा काळी दोनमध्ये गात असेल, तर त्या पट्टीचा खालचा 'सा' या गिटारवर मिळतच नाही, वरच्या सप्तकात वाजवावा लागतो. पाचवी तार ती उणीव भरून काढते. गायक पांढरी चार किंवा पाचला गात असेल तर चार तारा भरपूर झाल्या. म्हणजे मुलाला आधी एवढेच विचारावे, की तुमच्या पार्टीची पट्टी कोणती?

खर्चाचा क्रमही लक्षात ठेवावा. प्रथम तारा बदलून पाहाव्यात. गोल तारेने गुंडाळलेल्या असतील तर चपट्या फितीच्या लावाव्यात, जुनीच गिटार परकी वाटेल. मग स्पीकर पाहावा, कारण छोट्या खोक्यातून एवढा खर्ज निघत नाही आणि बोल गिटारला लागतो. एवढे करून भागले नाही तरच दुकानाची पायरी चढावी, आणि तीही गायकाला बरोबर घेऊन. दुकानात मुले झटपट बोटे फिरवून दाखवतात. त्यापेक्षा मुलाने खर्जातला एकच 'सा' धरून ठेवावा, गायकाने त्यावर दोन ओळी म्हणाव्यात, आणि आईने दाराशी उभे राहून सांगावे, शब्द स्पष्ट ऐकू येतात की नाही.