शिडाचे जहाज आणि आमची मुले

भारतीय नौदलाचे 'तरंगिणी' हे शिडाचे जहाज आमच्या किती वाचकांस ठाऊक आहे? गोव्याच्या गोदीत ते बांधले गेले, ११ नोव्हेंबर १९९७ रोजी नौदलात दाखल झाले आणि २००३-०४ साली १५ महिन्यांत पृथ्वीप्रदक्षिणा करून कोचीस परत आले. अशी प्रदक्षिणा करणारे आपल्या नौदलाचे ते पहिलेच जहाज. २०१२ साली 'सुदर्शिनी' ही त्याची धाकटी बहीण त्याच कामावर रुजू झाली. लांबी ५४ मीटर, डोलकाठ्या तीन, शिडे वीसेक. ही जहाजे लढण्याकरिता नाहीत. नौदलात अधिकारी होऊ पाहणाऱ्या तरुणांची ती समुद्रावरील शाळा आहे.

कोणी शहाणा विचारील की, इंजिनाच्या आणि उपग्रहाच्या काळात वाऱ्यावर चालणारे जहाज कशास पाहिजे? तर वारा कोठून येतो आणि केव्हा फिरणार हे यंत्राने सांगणे निराळे आणि स्वतःच्या गालावर ओळखणे निराळे. कमरेस पट्टा बांधून दोरशिडीने डोलकाठीवर चढावयाचे, पायाखाली केवळ एक दोर, आणि आडव्या वाशावर ओणवे होऊन शीड सोडावयाचे किंवा गुंडाळावयाचे. खाली दहाजण एका हाकेसरशी एकच दोर ओढतात. एकाने ढिलाई केली की शीड अडकले. रात्री पाळीपाळीने पहारा असतो, सुकाणू असते. तेथे आडनाव उपयोगी पडत नाही. गाठ नीट बसली आहे की नाही, एवढेच पाहिले जाते.

आता गाठीचेच म्हणाल तर आमच्या अंबड-घनसावंगीकडील शेतकऱ्याचे पोर दाव्याची, कासऱ्याची, कडब्याच्या गाडीची गाठ अंधारातही मारते. तरी समुद्राचे नाव काढताच तेच पोर म्हणते, "गुरुजी, ते आपलं काम नव्हे." हे त्यास कोणी शिकविले?

बौधायनाच्या धर्मसूत्रात समुद्रगमन पातकांत मोजले आहे. पुढे कलिवर्ज्यकारांनी तर समुद्र ओलांडणाऱ्या द्विजास प्रायश्चित्तानंतरही जवळ करू नये, असे ठरविले. बंदी द्विजांस होती. धास्ती मात्र साऱ्या देशावरच्या समाजाने घेतली! कोळी, भंडारी, खारवी, दालदी ह्यांनी ती घेतली नाही, आणि त्यांच्याच खांद्यांवर शिवछत्रपतींचे आरमार उभे राहिले. कान्होजी आंग्र्यांनी वाढविलेले ते आरमार १७५६ साली विजयदुर्गास पेशवे व इंग्रज ह्यांच्या जोडस्वारीत जळाले.

जालन्याहून समुद्र सुमारे ४०० किलोमीटर. ही सबब सांगणाऱ्यांनी 'तारिणी' नौकेकडे पाहावे. १० सप्टेंबर २०१७ रोजी नौदलाच्या सहा अधिकारी मुली गोव्याहून ५५ फुटांच्या ह्या शिडाच्या नौकेत निघाल्या आणि जगाला वळसा घालून २१ मे २०१८ रोजी परतल्या. प्रमुख वर्तिका जोशी उत्तराखंडच्या, प्रतिभा जामवाल हिमाचलच्या, विजया देवी मणिपूरच्या. ह्या तिन्ही प्रांतांस किनारा आहे काय? त्यांस शिकविणाऱ्यांत दिलीप दोंदे होते. त्यांनी २००९-१० साली 'म्हादेई'तून एकट्याने ही प्रदक्षिणा केली होती.

अडते ते माहितीपाशी. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाचे वय साडेसोळा ते साडेएकोणीस. नौदलाकरिता बारावीस भौतिक, रसायन व गणित हे विषय लागतात. २०२२ पासून मुलींसही तेथे प्रवेश मिळतो. गेल्या वर्षी शेजारच्या गावचा एक काटक, चलाख मुलगा आमचेकडे हेच विचारीत आला. बारावी कला शाखेतून झालेली, वय विशीपुढे! त्याच्या शाळेत दहावीला कोणी चकार शब्द काढला नव्हता. ज्याच्या घरी शिकलेला चुलता आहे त्यास ही बातमी जेवताना कळते. ज्याच्या घरी कोणी नाही त्याची वर्षे निघून जातात.

आणि सोय तरी कोठे दूर आहे? छत्रपती संभाजीनगरात, जालन्याहून ६० किलोमीटरवर, १९७७ पासून सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था ह्याच परीक्षेची तयारी करून घेते. तिच्याकरिता अर्ज दहावीच्या वर्षीच करावा लागतो. २०२३ पासून मुलींकरिता तशीच संस्था नाशिकास आहे. मुख्याध्यापकांनी तिची जाहिरात फळ्यावर डकवून स्वस्थ बसू नये. नववी-दहावीच्या वर्गांत मोठ्याने वाचून दाखवावी, आणि गणिताला भिऊन शाखा बदलणाऱ्या पोरास आधी हे सांगावे.

पाण्याची भीती मात्र घरीच जावयास हवी. पूर्वी पाठीस सुका भोपळा बांधून पोरे विहिरीत पोहावयास शिकत. आता विहिरी कोरड्या, आणि जेथे पाणी आहे तेथे आईबाप धजत नाहीत. ह्या उन्हाळ्यात ज्या गावच्या विहिरीस पाणी राहील, त्या गावाने जाणत्या पोहणाऱ्यांस काठावर उभे करून मुलांस, आणि मुलींसही, पाण्यात उतरवावे. भोपळे बांधावयास आम्ही येतो.