शेजारच्या घरातले साप्ताहिक

अंधेरीचे मरोळ, आंबोली किंवा बोरिवलीची आयसी कॉलनी या भागांत राहणाऱ्या मराठी हिंदू कुटुंबाला शेजारच्या कॅथलिक घरातला नाताळचा केक ठाऊक असतो. त्या घरात दर आठवड्याला वाचले जाणारे साप्ताहिक मात्र ठाऊक नसते. ‘द एक्झॅमिनर’ हे त्याचे नाव. मुंबई महाधर्मप्रांताचे हे इंग्रजी पत्र १८५० साली ‘बॉम्बे कॅथलिक एक्झॅमिनर’ म्हणून सुरू झाले. लोकमान्यांचा ‘केसरी’ निघाला १८८१ मध्ये, म्हणजे त्यानंतर एकतीस वर्षांनी. पावणेदोनशे वर्षे एखादे नियतकालिक टिकते, तेव्हा ते का टिकले याची चौकशी आपण करायला हवी. विशेषतः वर्गणीदारांच्या याद्या घेऊन घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्याने.

या पत्राचा जन्मच भांडणातून झाला. मुंबईतल्या चर्चवर अधिकार कोणाचा, पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालील गोव्याच्या धर्मपीठाचा की थेट रोमचा, असा तो वाद होता. रोमच्या बाजूचे स्विस बिशप अनास्तासियस हार्टमन यांनी आपली बाजू मांडण्यासाठी हे पत्र काढले. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये विरोधी पक्षाने त्यांना चक्क कोंडले होते. हिंदूंच्या पंथभेदांवर सदैव बोट ठेवणाऱ्यांना हा प्रसंग अवश्य सांगावा. एक्झॅमिनरचे संपादक राहिलेले इंग्रज जेझुइट फादर अर्नेस्ट हल यांनी मुंबई मिशनचा इतिहास दोन खंडांत लिहिला, त्यात या वादाचा स्वतंत्र अभ्यास आहे. वाद मिटला तो १९२८ च्या करारानंतर, आणि तोही कसा? मुंबईच्या गादीवर आळीपाळीने एक पोर्तुगीज व एक ब्रिटिश आर्चबिशप बसेल, या तडजोडीने! व्हॅलेरियन ग्रेशस हे पहिले एतद्देशीय आर्चबिशप झाले ते १९५० मध्ये, देश स्वतंत्र होऊन तीन वर्षे लोटल्यावर. परकीय सत्तेशी असलेले हे नाते आम्ही काढले की जुन्या जखमा उकरल्याचा आरोप होतो. पण हा इतिहास त्यांच्याच धर्मगुरूने त्यांच्याच छापखान्यातून प्रसिद्ध केला आहे.

आपल्यापैकी अनेकांची समजूत अशी की, असल्या पत्रातून धर्मांतराच्या योजना आखल्या जात असतील. अंक चाळणाऱ्याची निराशाच होईल. आर्चबिशपांची पत्रके, धर्मगुरूंच्या नेमणुका, रविवारच्या शास्त्रपाठावरचे चिंतन, वाचकांचा पत्रव्यवहार आणि विवाहेच्छूंच्या व दिवंगतांच्या स्मरणार्थ दिलेल्या जाहिराती असा बहुतेक मजकूर असतो. पण त्याचे बळ नेमके येथेच आहे. ज्या पत्रात मुलीचे स्थळ शोधता येते आणि आईच्या वर्षश्राद्धाला तिचे छायाचित्र छापून आणता येते, ते पत्र कुटुंब सहसा बंद करत नाही. धर्मांतरबंदीचे कायदे, अनुसूचित जातींच्या सवलती धर्मांतरितांना मिळाव्यात ही मागणी, या प्रश्नांवर चर्चची भूमिका आम्हाला मान्य नाही व होणारही नाही. तो मतभेद मांडण्यासाठी तरी समोरच्याचे म्हणणे त्याच्याच पानावर वाचावे लागते.

आमची खरी तक्रार भाषेची आहे. उत्तर मुंबईच्या गावठाणांतला मूळचा ख्रिस्ती समाज हा पोर्तुगीज काळात धर्मांतरित झालेल्या येथल्याच कोळी, आगरी, कुणबी, भंडारी लोकांचा. ते धर्मांतर कोणत्या वातावरणात झाले, याची साक्ष बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यात आहे. शिवाच्या त्या लेण्यात कोरलेला क्रूस आजही पाहता येतो. या समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. परक्या व्यापारी कंपनीची आठवण देणारे नाव एतद्देशीयांनी मिरवावे, याला काय म्हणावे! तथापि त्यांची घरची बोली मराठी, लग्नातली गाणी मराठी, जुन्या बायकांचे लुगडेही येथलेच. मंगळुरी, गोवेकर, तमिळ, मल्याळी अशा सर्वांना एकत्र ठेवण्यासाठी इंग्रजी सोयीची, हे मान्य. पण त्या सोयीची किंमत मरोळच्या आजीने मोजली. धर्माचे बोलणे तिच्या भाषेत तिच्या हाती आले नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्येच छापले गेले होते, म्हणजे भाषा असमर्थ होती असेही नाही.

वसईने वेगळा मार्ग दाखवला. तेथील ‘सुवार्ता’ हे मराठी मासिक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ या काळात संपादित केले आणि ते चर्चच्या आवाराबाहेर नेले. हरित वसईच्या आंदोलनामुळे व या मासिकामुळे ते महाराष्ट्राला परिचित झाले. धाराशिव, तेव्हाचे उस्मानाबाद, येथे जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा हिंदुत्वाच्या नावाने विरोधही झाला. २०२४ मध्ये ते निवर्तले. विरोध करण्याचा अधिकार आम्ही नाकारत नाही. परंतु ‘सुवार्ता’च्या चोवीस वर्षांच्या अंकांतला एखादा लेख पुढे ठेवून किती जणांनी तो केला? अहमदनगरहून १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ हिंदू धर्मावर टीका करू लागले होते. १८४४ मध्ये मोरभट दांडेकरांनी ‘उपदेशचंद्रिका’ हे मासिक काढून मिशनऱ्यांना उत्तरे दिली. ते आधी वाचत, मग लिहीत. दूरध्वनीवरून धमकावण्याची रीत त्यांच्यापासून आलेली नाही.

आता आपल्या घराकडे पाहू. ईस्ट इंडियन समाजाने मराठी वाचन सोडले म्हणून हळहळणाऱ्या आपल्या पार्ले-मुलुंडच्या घरांत काय चालले आहे? आजोबांच्या नावे अंक येतो, आजोबाच वाचतात. मुलगा शीर्षके पाहतो. नातू इंग्रजी शाळेत, बहुधा कॉन्व्हेंटमध्येच, शिकतो. जोडाक्षर आले की अडखळतो. त्या शाळेत त्याला कोणी फादरने ओढून नेलेले नाही, आपणच देणगी व अर्ज घेऊन रांगेत उभे होतो. आजोबांच्या पश्चात वर्गणीचे नूतनीकरण होत नाही, आणि कार्यकर्ता यादीतील नावावर काट मारतो. यंदा वर्गणी गोळा करताना प्रत्येक नावापुढे आणखी एक रकाना आखावा: या घरात चाळिशीच्या आतील कोण हा अंक वाचतो? आणि जेथे तो रिकामा राहील, तेथे दुसऱ्यांदा जावे, ते पावतीपुस्तक न घेता.