हाडाच्या गाठीत ‘जायंट सेल’ आढळल्या? ऑपरेशनआधी कॅल्शियम आणि पीटीएच पाहा

भीमाशंकरच्या डोंगरातल्या गावांत भातलावणीनंतर कंबर आणि पाय दुखणे नवे नाही. बहुतेकांचे दुखणे कष्टाचेच असते. पण हाडे महिनोन्‌महिने दुखतात, उठताना मांड्यांत ताकद नसते, मूतखडा पुन्हा पुन्हा होतो आणि त्यात जबड्यावर, बरगडीवर किंवा नडगीवर गाठ दिसते, असे असेल तर ‘वात आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

अशा गाठीतून सुईने पेशी काढून तपासतात. रिपोर्टवर या तपासणीला एफएनएसी म्हणतात. त्यात ‘जायंट सेल’ हे शब्द आले की घरचे हादरतात. या मोठ्या पेशी हाडाच्या जायंट सेल ट्यूमरमध्ये दिसतात, तशाच ‘ब्राऊन ट्यूमर’मध्येही दिसतात. काचपट्टीवर दोन्ही इतके सारखे असतात की नुसत्या सुईवरून फरक सांगणे कठीण. उपचार मात्र अगदी वेगळे.

ब्राऊन ट्यूमर हा नावापुरताच ट्यूमर; तो कॅन्सर नाही. गळ्यात थायरॉईडच्या मागे सहसा चार छोट्या पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. त्यातली एखादी वाढून पीटीएच हे संप्रेरक जास्त सोडू लागली की हाडातले कॅल्शियम रक्तात ओढले जाते आणि हाड आतून पोखरते. त्या पोकळीत रक्तस्राव होऊन तपकिरी रंग येतो, म्हणून हे नाव.

पाश्चात्त्य देशांत हा आजार बहुधा नेहमीच्या रक्ततपासणीत, त्रास सुरू होण्याआधीच सापडतो. आपल्याकडे चित्र उलटे आहे. २००५ ते २०१५ मधल्या ४६४ भारतीय रुग्णांच्या नोंदींत ९५ टक्क्यांहून अधिक जणांना निदानावेळी लक्षणे होती, आणि निम्म्याहून अधिक जणांची हाडे दुखत होती. माझ्या मते यात कॅल्शियमची साधी तपासणी वेळेवर न होण्याचा वाटा मोठा आहे.

म्हणून हाडावर शस्त्रक्रिया ठरण्याआधी डॉक्टरांना विचारा: कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व आणि पीटीएच पाहिले का? ड जीवनसत्त्व फार कमी असेल तर कॅल्शियम नॉर्मलही येते, त्यामुळे पीटीएच टाळू नका. डायलिसिसवरच्या रुग्णांतही अशी गाठ होऊ शकते. त्यांचे उपचार वेगळे.

ग्रंथीचा दोष ठरला तर शस्त्रक्रिया गळ्याची. त्यानंतर हाडाची गाठ बहुधा काही महिन्यांत आपोआप भरत जाते. सुरुवातीच्या दिवसांत मात्र भुकेले हाड कॅल्शियम झपाट्याने ओढून घेते. ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या आल्या, हातपाय वळले, तर लगेच दवाखाना गाठा.

पुण्याला मोठ्या रुग्णालयात जाताना एक्स-रे आणि सुईच्या काचपट्ट्या लॅबमधून मागून सोबत न्या. त्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना दाखवता येतात, पुन्हा सुई टोचण्याची वेळ टळू शकते.