आम्हाला चोरून बघायचं नाही

गोदीत राबणाऱ्याला थांबण्याचं अप्रूप नसतं. बोट धक्क्याला लागते, हॅच उघडतं, माल उतरतो आणि तसाच पडून राहतो. कागद आला नाही. शिक्का पडला नाही. साहेब जेवायला गेलेत. माल उन्हात, मालक दारात आणि मीटर चालू. त्याला आमच्याकडे डेमरेज म्हणतात. माल अडवणाऱ्याला ते भरावं लागत नाही. ज्याचा माल, तोच भरतो.

दोस्तांनो, असाच एक पिक्चर अडवून ठेवला गेला. त्याचं नाव 'संतोष'. संध्या सुरी या बाईनं केलेला. बाई ब्रिटनमध्ये वाढली, आधी माहितीपट करायची. पिक्चर हिंदी, शूटिंग लखनौच्या बाजूचं, शहाना गोस्वामी आणि सुनीता राजवार या दोघी त्यात. मोठा स्टार नाही, आयटम साँग नाही. मे २०२४ मध्ये तो कानच्या महोत्सवात दाखवला गेला. ब्रिटननं तो आपल्यातर्फे ऑस्करला धाडला आणि शेवटच्या पंधरांत तो होता. जगानं बघितला. ज्यांच्यावर तो आहे तेवढे बघायचे राहिले.

गोष्ट अशी. संतोष नावाच्या एका तरुण बाईचा नवरा पोलीस शिपाई. तो मरतो. अनुकंपा म्हणून त्याची नोकरी तिला मिळते. एका दलित मुलीवर बलात्कार होतो, खून होतो. तिचा बाप आधीच चौकीत येऊन गेलेला असतो, पण त्याला कुणी दाद दिलेली नसते. मग बोभाटा झाल्यावर तपास लागतो आणि तो तपास एका मुसलमान पोराच्या अंगावर जाऊन कोसळतो. हे सगळं ही नवखी बाई वर्दीच्या आतून बघते. नुसती बघत नाही, तिचेही हात त्यात माखतात. एवढं आम्ही वाचून, ऐकून जमवलं.

आता यात खोटं काय आहे? कुठल्या तालुक्यातला माणूस म्हणेल की आमच्याकडे असं होत नाही?

१० जानेवारी २०२५ ला भारतात लागणार म्हणून जाहीर झालं. लागला नाही. मार्च २०२५ मध्ये बातमी आली की सेन्सॉर बोर्डानं काटछाटीची पानंच्या पानं यादी दिली. पोलिसांचं वागणं आणि समाजातल्या एकूण गोष्टी, यावर आक्षेप. दिग्दर्शिकेनं सांगितलं की एवढं कापल्यावर पिक्चरला अर्थच राहत नाही. आणि गंमत बघा, शूटिंगच्या परवानगीसाठी स्क्रिप्ट आधी दिलेली होती, तेव्हा कुणाची हरकत नव्हती. म्हणजे कागदावर चालतं, पडद्यावर चालत नाही. कागद फाईलीत झोपतो. पडद्यासमोर चारशे माणसं जागी बसतात.

मग १७ ऑक्टोबर २०२५ ही तारीख आली. थेटर नाही तर नाही, ओटीटीवर येणार. ओटीटीला सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागत नाही, तिथं २०२१ चे आयटी नियम आहेत. आम्ही म्हटलं, चला, सुटला माल. दिवाळीचे दिवस, वार शुक्रवार. सात जणांनी पैसे काढले. एकाच्या मामाची टीव्ही मोठी, त्याची खोली ठरली. माझी दुसरी पाळी होती, ती मी मुकादमाच्या हातापाया पडून बदलून घेतली. भजी कोण आणणार ते पण ठरलं.

त्या दिवशीही पिक्चर आला नाही.

खोलीत सात पोरं, गार झालेली भजी आणि काळी टीव्ही. कुणी काही बोलेना. मग एक जण हळूच म्हणाला, "अरे, चोरीची लिंक आहे. बाहेरच्या देशात लागून गेलाय ना तो. दोन मिनिटांत काढतो."

इथं आमच्यात वाजलं. एक म्हणाला, "ते आपल्याला दाखवत नाहीत, मग चोरी कसली? आपलाच माल आहे." दुसरा म्हणाला, "तिनं चार-पाच वर्षं घातली असतील, तिच्याच खिशात हात घालायचा?" तिसरा म्हणाला, "च्यायला, तत्त्वज्ञान बास. बघायचाय का नाही तेवढं बोला." मला स्वतःला बघायचा होता. पाळी बदलली होती मी. खोटं कशाला बोलू?

भांडण तोडलं ते एका ताईनं. आमच्या वस्तीतली आहे. नवरा पोलिसात होता, गेला. ही अनुकंपावर लागली. 'संतोष'ची गोष्ट तिला मीच सांगितली होती, तेव्हा ती म्हणाली होती, "म्हणजे माझ्याच नोकरीचा पिक्चर की." त्या रात्री ड्यूटी सुटल्यावर साध्या साडीत मुद्दाम आली होती. दारातच उभी राहून सगळं ऐकलं आणि म्हणाली, "तुम्ही लिंक लावा, मी चालले. मी वर्दीतली बाई आहे, मला चोरून बघता येत नाही. आणि खरं सांगू का, मला चोरून बघायचापण नाही. मला तो आमच्या साहेबाच्या बाजूच्या खुर्चीत बसून बघायचाय."

आम्ही लिंक लावली नाही.

दोस्तांनो, ताई जे बोलली तेच या अंकाचं संपादकीय आहे. मी फक्त ते लांबवतोय.

आपल्याकडनं काढून घेतला जातो तो नुसता पिक्चर नाही. पिक्चर काय, आज ना उद्या मोबाईलवर कुठनं तरी मिळतो. काढून घेतलं जातं ते एकत्र बसणं. ज्या अंधारात साहेब, शिपाई, हमाल, बामण, मांग, महार, मुसलमान एकाच दिशेला तोंड करून बसतात आणि एकाच वेळी एकच गोष्ट बघतात, तो अंधार आपल्याला नाकारला जातो. आपलं दुःख आपण घरात, पांघरुणाखाली, कानात वायर घालून बघितलं तर व्यवस्थेची काही हरकत नाही. ते दुःख आपल्याला नवीन थोडंच आहे? ज्याला नवीन आहे त्याच्या डोळ्यांपुढं ते जाऊ नये, ही सगळी खटपट.

१९२७ साली महाडला चवदार तळ्यावर आपली माणसं गेली ती तहानेनं मरत होती म्हणून नव्हे. बाबासाहेबांनी तेव्हाच स्पष्ट केलं होतं की ही लढाई घोटभर पाण्याची नाही, बरोबरीची आहे. चोरून, रात्री, अंधारात पाणी भरता आलं असतं. मग भर दिवसा, सगळ्यांदेखत ओंजळ का भरली? चोरून प्यालेल्या पाण्यानं तहान भागते, हक्क लागत नाही. पिक्चरचंही तेच.

आता कुणी पांढरपेशा मित्र म्हणेल, पोलिसांची बदनामी नको, कायदा-सुव्यवस्था बघावी लागते. बरं. २०१८ चा 'सिंबा' बघितला ना सगळ्यांनी? त्यात हिरो पोलीस ठाण्यात आरोपींना गोळ्या घालतो आणि थेटर शिट्ट्या मारतं. मीही मारल्या होत्या, तेव्हा अक्कल नव्हती. ठाण्यात माणूस मारणं पडद्यावर चालतं, अट एकच, बघणाऱ्याला मजा आली पाहिजे. त्याच ठाण्यात माणूस मरतो आणि बघणाऱ्याला लाज वाटते, मग मात्र कात्री निघते. म्हणजे आक्षेप मारहाणीला नाही, लाजेला आहे.

दुसरं उदाहरण घ्या. एप्रिल २०२५ मधला 'फुले'. ११ तारखेला, जोतिबांच्या जयंतीला लागणार होता, ढकलला आणि २५ ला लागला. बोर्डानं जातींची नावं, पेशवाई, मनू यांना हात लावायला सांगितला. तीन हजार वर्षांच्या गुलामीचं वाक्य होतं, त्याचं 'कई साल' करून घेतलं. तीन हजार वर्षांचा हिशेब एका मीटिंगमध्ये 'कई साल' झाला! आमच्या गोदीत कुणी टॅलीक्लार्कनं असा आकडा फिरवला असता तर त्याच दिवशी घरी गेला असता.

तिसरं, आणि हे पाठ करून ठेवा. १९८९ साली 'ओरे ओरु ग्रामथिले' या तमिळ पिक्चरचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. तो पिक्चर राखीव जागांच्या विरुद्ध होता. बामणाची पोरगी खोटा जातीचा दाखला काढून मोठ्या नोकरीला लागते, अशी गोष्ट. आपल्या तोंडावरच थुंकणारी. मद्रास हायकोर्टानं त्याचं सर्टिफिकेट रद्द केलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ते परत दिलं. सांगितलं काय, तर कुणी मोर्चा काढेल, दंगा करेल या भीतीनं सरकारला विचार दाबता येणार नाही. बंदोबस्त ठेवणं हे सरकारचंच काम.

ठीक आहे. आम्ही तो निकाल मानतो. आमच्या विरुद्धचा पिक्चर लागू दे, आम्ही त्याला उत्तर देऊ. पण मग तोच निकाल, तोच कायदा, तीच घटना 'संतोष'च्या वाटेला का येत नाही? राखीव जागांवर बोट ठेवणारा विचार स्वातंत्र्य ठरतो आणि चौकीवर बोट ठेवणारा धोका ठरतो. हे तराजू कुणाच्या दुकानातलं?

कोर्टात जा, असं सांगणं सोपं आहे. पूर्वी बोर्डाच्या वर एक अपिलाचं न्यायाधिकरण होतं. २०१७ मध्ये 'लिपस्टिक अंडर माय बुरखा' बोर्डानं नाकारला, तो या न्यायाधिकरणानं सोडवला. एप्रिल २०२१ मध्ये सरकारनं ते न्यायाधिकरणच मोडीत काढलं. आता सरळ हायकोर्ट. मोठ्या बॅनरला वकील परवडतो. उसन्या कॅमेऱ्यावर, मित्रांच्या पैशावर पिक्चर काढणाऱ्यानं तारखांवर तारखा कशा झेलायच्या? त्याचं डेमरेज रोज चढतं. तो दमतो, दोन सीन कापायला तयार होतो. दुसऱ्या पिक्चरच्या वेळी ते दोन सीन लिहीतच नाही. बोर्डाची खरी कात्री ही. ती दिसत पण नाही.

म्हणून आपण नुसतं वाट बघणारे चाहते राहून चालणार नाही. चाहता तारीख विचारतो. आपण कारण विचारायचं.

हे होऊ शकतं, झालेलं आहे. रमाबाई नगरच्या ११ जुलै १९९७ च्या गोळीबारानंतर आनंद पटवर्धननं कॅमेरा उचलला आणि 'जय भीम कॉम्रेड' पुरा व्हायला चौदा वर्षं लागली. पिक्चर झाला तेव्हा तो एसी हॉलची वाट बघत बसला नाही. जानेवारी २०१२ मध्ये भायखळ्याच्या बीआयटी चाळीत पडदा लागला. ज्यांच्यावर होता त्यांच्या दारात गेला. २०१४ च्या व्हॅलेंटाइनला, गुलाबाच्या दिवशी, 'फँड्री' लागला आणि त्यातल्या पोरानं सरळ आपल्यावर दगड भिरकावला. मी तेव्हा शाळेत होतो. तो दगड मला लागला, आणि माझ्या बाजूला बसलेल्या अनोळखी माणसालाही लागला. तो माणूस कुठल्या जातीचा होता मला आजवर माहीत नाही. पण तो माझ्याआधी रडला. हे मोबाईलवर झालं नसतं.

तेव्हा करायचं काय ते सांगतो, नुसत्या शिव्या देऊन पान संपवत नाही.

एक. कापाकापीची यादी हा सरकारी कागद आहे. माहितीच्या अधिकारात मागा. कुठल्याही पिक्चरची, 'संतोष'पुरतं थांबू नका. नकार आला तर नकाराचा कागद जपून ठेवा, तोही पुरावा आहे.

दोन. १९८९ चा तो निकाल मराठीत करून वस्तीत वाचा. लॉ कॉलेजात आपली पोरं आहेत, त्यांनी एक रविवार द्यावा.

तीन. लिंक पसरवू नका. छोट्या पिक्चरवाल्याचं पोट आधीच पाठीला लागलंय.

चार. असा पिक्चर लागेल तेव्हा पहिल्या तीन दिवसांत जा. सोमवारी शो काढून टाकतात. तिकीट महाग आहे, मला माहीत आहे, माझी मजुरीही मला माहीत आहे. तरी महिन्याला एक तिकीट, वर्गणी काढून. आणि एकट्यानं जाऊ नका. ज्याला वाटतं की हे सगळं आता संपलंय, असा एक मित्र बरोबर न्या.

पाच. लिहा, काढा. हातातल्या मोबाईलमध्ये कॅमेरा आहे. आपण रील काढतो, मग चौकीत ताटकळलेल्या बापाची गोष्ट का नाही काढायची?

हा अंक हातात पडेपर्यंत 'संतोष' सुटला असेल तर ताबडतोब जा आणि डोळे भरून बघा. पण त्यानं हा प्रश्न सुटला असं समजू नका. धक्क्यावर त्याच्यामागं दुसरा माल उभा असेल. त्याच्यामागं तिसरा.

ताईला मी शब्द दिलाय. पिक्चर लागेल त्या दिवशी सात नव्हे, आठ तिकिटं काढायची. आठवं तिच्या साहेबाचं. तो येईल का माहीत नाही. खुर्ची ठेवायची.